'यम' दर तिसऱ्या आठवड्यात का मरतो? कॅस्पेज-३ची घसरणारी ॲक्टिव्हिटी

"ताई, एन्झाइम पुन्हा मेलं."

वर्षभरात हे वाक्य मी तिसऱ्यांदा ऐकलं. तिन्ही वेळा वेगवेगळी मुलं, व्हायल (एन्झाइमची कुपी) वेगळी, लॉट नंबरही वेगळा. गोष्ट मात्र तीच. नवी व्हायल आली की पहिला आठवडा ग्राफ सरळसोट वर जातो. दुसऱ्या आठवड्यात जरा मलूल होतो. तिसऱ्या आठवड्यात एन्झाइम घातलेली वेल (प्लेटमधला छोटा खड्डा) आणि एन्झाइमशिवायची वेल यांत फरक शोधावा लागतो. मग खरेदीचा कागद, तीन कोटेशनं, सह्या, आणि दीड-दोन महिन्यांनी थर्माकोलच्या डब्यातून पुढची व्हायल. ती घातली की सगळं छान. म्हणजे आधीचीच खराब होती, नाही का?

नव्हती. पण हे कळायला आम्हाला तिसरी व्हायल लागली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं एन्झाइम म्हणजे रिकॉम्बिनंट ह्यूमन कॅस्पेज-३. माणसाचं जीन ई. कोलायमध्ये घालून बनवलेलं, उपचारासाठी नाही, फक्त प्रयोगशाळेतल्या वापरासाठी. पेशीला स्वतःला संपवायचं असतं तेव्हा प्रत्यक्ष कात्री चालवणाऱ्यांपैकी हे मुख्य. जुने पेपर चाळताना ते सीपीपी३२ या नावानं सापडेल, आणि १९९५च्या एका पेपरात तर 'यामा' म्हणून, म्हणजे आपला यमच. त्यामुळे आमच्याकडे त्याचं बोलीतलं नाव यम. दुसऱ्यांचे प्राण नेणारा स्वतःच दर तीन आठवड्यांनी मरतो म्हटल्यावर पोरांनी विनोद करून घेतले, पण इनहिबिटर स्क्रीनिंग (त्याला रोखणाऱ्या पदार्थांचा शोध) चार महिने रखडलं त्याला कोण हसणार?

ॲसे, म्हणजे ॲक्टिव्हिटी मोजायचा प्रयोग, साधाच आहे. ९६ वेलची प्लेट, प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलीटर. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण: ५० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.४, १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ०.१ टक्के चॅप्स, १ मिलिमोलर ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं), १० टक्के ग्लिसरॉल आणि १० मिलिमोलर डीटीटी (ऑक्सिडेशन उलटवणारं). सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइमला कापायला दिलेला पदार्थ, एसी-डीईव्हीडी-पीएनए, २०० मायक्रोमोलर. एन्झाइम शेवटच्या ॲस्पार्टेटनंतर कापतं, पिवळं पॅरा-नायट्रोॲनिलिन सुटतं आणि रीडर ते ४०५ नॅनोमीटरवर मोजतो. पहिल्या आठवड्यात स्लोप, म्हणजे शोषण वाढण्याचा वेग, मिनिटाला ०.०१२ होता. तिसऱ्यात ०.००४.

आधी संशय कुणावर घेतला ते सांगते. सगळ्यात आधी कंपनीवर. मग कुरिअरवर, मग उणे ८०च्या फ्रीझरवर, मग रात्री वीज गेली होती त्यावर, मग ज्या मुलीनं व्हायल उघडली तिच्यावर. डीटीटीवर कुणीच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दोघांचं वय एकच

कोडं सुटलं ते एका फालतू निरीक्षणातून. बफरच्या बाटलीवर पेन्सिलीनं तारीख होती, आणि ती तारीख व्हायल उघडल्याच्या तारखेशी जुळत होती. मागचं रजिस्टर काढलं. मागच्या वेळीही तसंच. नवी महागडी व्हायल आली की आमची मुलं सणाला घर झाडावं तशी सगळी सामग्री नव्यानं करायची: नवं बफर, त्यात नवं डीटीटी, शंभर मिलीलीटर एकदम, म्हणजे रोज वजन करायला नको. मग ती बाटली फ्रीजमध्ये, आणि महिनाभर तीच.

म्हणजे एन्झाइम आणि बफर एकाच दिवशी जन्मत होते आणि बरोबरच म्हातारे होत होते. व्हायल बदलली की बफरही बदलायचं, आणि श्रेय व्हायलीला मिळायचं.

डीटीटी कशाला लागतं? कॅस्पेज-३ हे सिस्टीन प्रोटिएज आहे, म्हणजे सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोरावर प्रथिनं कापणारं एन्झाइम. १६३व्या जागेवरचं सिस्टीन हा त्याच्या कात्रीचा खरा दात, आणि त्या सिस्टीनवरचा गंधकाचा अणू मोकळा, रिड्यूस्ड (ऑक्सिडाइझ न झालेला) असला तरच दात चालतो. हवेतला ऑक्सिजन, पाण्यातले धातूंचे अंश, बफरमध्ये तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड, सगळ्यांचा डोळा त्याच गंधकावर. डीटीटी तो पुन्हा पुन्हा रिड्यूस करत राहतं. मात्र ते करताना, आणि न करतानाही, ते स्वतः ऑक्सिडाइझ होऊन खर्ची पडत असतं.

किती वेगानं? १९८३ सालची मोजमापं आजही वापरली जातात. २० अंशांवर डीटीटीचं अर्धायुष्य पीएच ६.५ला ४० तास, पीएच ७.५ला १० तास, पीएच ८.५ला फक्त दीड तास. पीएच ८.५लाच तापमान शून्यावर आणलं तर ११ तास. त्याच पीएचला २० अंशांवर तांब्याचा ०.१ मिलिमोलर अंश असेल तर दीड तासाचं ०.६ तासावर येतं, आणि ०.१ मिलिमोलर ईडीटीए घातलं तर ४ तासांवर जातं. आमचं बफर पीएच ७.४, ईडीटीए घातलेलं, फ्रीजमधलं, म्हणजे आकडे बरे असणार. पण बाटली रोज चार वेळा उघडायची, एकदा तर दुपारभर बेंचवर राहिलेली. तीन आठवडे म्हणजे ५०४ तास. अर्धायुष्य अगदी दोन दिवसांचं धरलं तरी मूळच्या हजाराव्या भागाहून थोडं कमी-जास्त उरतं.

खात्री करायला मोकळे थायॉल (गंधक-हायड्रोजन गट) मोजणारं एल्मन अभिकर्मक, म्हणजे डीटीएनबी वापरलं. १० मिलिमोलर डीटीटीमध्ये दोन-दोन थायॉल धरून २० मिलिमोलर थायॉल. हजारपट पातळ केलं की २० मायक्रोमोलर. ४१२ नॅनोमीटरला शोषणाचा गुणांक १४,१५० धरला तर एक सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये शोषण ०.२८ यायला हवं. ताज्या बफरला ०.२७ आलं. आमच्या लाडक्या बाटलीला ०.०१, म्हणजे ब्लँकच्या (थायॉल नसलेल्या नमुन्याच्या) जवळपास.

वासानंही कळतं म्हणा. ताज्या डीटीटीला सडक्या अंड्यासारखा जो दर्प असतो तो जुन्या बाटलीला नव्हता. पण वासावर निर्णय घेऊ नका. वर्षानुवर्षं थायॉल हुंगून आमची नाकं निकामी झाली आहेत.

दोन तासांची चाचणी

नवी व्हायल मागवण्याआधी हे करा. चार ट्यूब लागतात: जुनं एन्झाइम जुन्या बफरमध्ये, जुनं एन्झाइम ताज्या बफरमध्ये, आणि शिल्लक असेल तर न उघडलेल्या अॅलिकॉटमधलं (छोट्या भागांत वाटून ठेवलेल्या ट्यूबमधलं) एन्झाइम जुन्या व ताज्या बफरमध्ये. ताजं बफर म्हणजे डीटीटी नसलेलं मूळ बफर घ्यायचं आणि त्यात आत्ता, हो आत्ताच, पावडर तोलून केलेलं किंवा उणे २०मध्ये एकदाच गोठवलेल्या १ मोलर अॅलिकॉटमधलं डीटीटी घालायचं. एन्झाइम त्यात ३० मिनिटं खोलीच्या तापमानाला राहू द्यायचं आणि मगच सबस्ट्रेट घालायचं. हा अर्धा तास गाळू नका. ऑक्सिडाइझ झालेला गंधक क्षणात सुटत नाही, आणि लगेच वाचन घेतलं तर पुन्हा "मेलं" असंच वाटेल.

आमच्याकडे जुनं एन्झाइम ताज्या बफरमध्ये अर्ध्या तासानंतर मिनिटाला ०.०११वर आलं. पहिल्या दिवशीचं ०.०१२ आठवा. यम जिवंत होता.

सगळ्यात बोलका निघाला तो तिसरा ग्राफ, न उघडलेलं एन्झाइम जुन्या बफरमधलं. सुरुवात झकास, पण दहाव्या मिनिटाच्या आसपास रेघ वाकायला लागली. सबस्ट्रेट संपल्यानं वाकली असं म्हणाल, तर पिवळेपणा अजून कमाल पातळीच्या निम्म्यालाही पोचला नव्हता. एन्झाइम डोळ्यांदेखत सुस्त होत होतं. सरळ रेघ लवकर वाकत असेल तर आधी ॲसेच्या आतच काय घडतं आहे ते बघावं. फ्रीझरवर खापर नंतर फोडता येतं.

ताज्या डीटीटीनं एन्झाइम परत येत नसेल तर मात्र प्रकरण वेगळं. गंधकाचं पहिल्या पायरीचं ऑक्सिडेशन, म्हणजे डायसल्फाइड किंवा सल्फेनिक आम्ल, डीटीटीनं उलटवता येतं. सल्फिनिक आणि सल्फोनिकपर्यंत गेलं की ते सिस्टीन कायमचं गेलं. अर्धवट परत आलं, समजा ६० टक्के, तर दोन्ही थोडं थोडं झालंय असं समजा आणि पुढच्या भागाकडे वळा.

दोन तासांनी एकच वाचन घेण्याची खोड

कमी होणं आम्हाला इतक्या उशिरा का दिसलं, याचंही उत्तर मिळालं आणि ते लाजिरवाणं होतं. सुरुवातीला मुलं स्लोप काढत नव्हती; दोन तासांनी एकदा प्लेट वाचायची. आता हिशेब बघा. १०० मायक्रोलीटर वेलमध्ये प्रकाशाचा मार्ग सुमारे ०.३ सेंटिमीटर. पीएनएचा गुणांक १०,५०० धरला तर ०.३नं गुणून ३,१५०. सगळं २०० मायक्रोमोलर सबस्ट्रेट कापलं गेलं तरी शोषण ०.६३च्या वर जाऊच शकत नाही. मिनिटाला ०.०१२च्या वेगानं दोन तासांत १.४४ व्हायला हवं होतं, म्हणजे एन्झाइम सबस्ट्रेट संपवून तासभर बसूनच होतं. त्यामुळे ॲक्टिव्हिटी ४४ टक्क्यांवर येईपर्यंत दोन तासांचं वाचन जवळपास तेच ०.६३ दाखवत राहतं. आणि त्याखाली गेली की अचानक कोसळल्यासारखं दिसतं. "परवापर्यंत ठीक होतं हो!" नव्हतं ठीक. दिसत नव्हतं इतकंच.

म्हणून दर मिनिटाला वाचन, पहिली १५-२० मिनिटं, आणि एन्झाइम इतकंच की रेघ तोवर सरळ राहील. या सबस्ट्रेटसाठी कॅस्पेज-३चा केएम (ज्या मात्रेला वेग कमालीच्या निम्मा होतो ती) दहा मायक्रोमोलरच्या घरात आहे, त्यामुळे २०० मायक्रोमोलरला रेघ बराच वेळ सरळ राहते; वाकली तर कारण शोधायलाच हवं.

फ्रीझर, डबा आणि इतर संशयित

डीटीटीचं भूत उतरल्यावरही उरलेली थोडी घट फ्रीझरचीच होती, हे मान्य करते. त्यातलं मुख्य: बर्फ न साचणारा फ्रीझर. घरी फार सोयीचा, प्रयोगशाळेत घातक. बर्फ जमू नये म्हणून तो मधूनमधून स्वतःला गरम करतो, आणि दाराजवळच्या पाच मायक्रोलीटरच्या ट्यूबला तेवढं पुरतं. एन्झाइम उणे २०ला ठेवायचंच असेल तर ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवा, ते तिथे गोठतच नाही. नाहीतर एकदाच वापरायचे अॅलिकॉट करून द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा आणि उणे ८०मध्ये टाका. उरलेलं परत गोठवायचं नाही, जीव कितीही तुटला तरी.

सोडियम फॉस्फेटमध्ये प्रोटीन गोठवू नका. गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच चारच्या आसपास उतरतो. हेपेसचा हा त्रास नाही म्हणण्याइतका. ट्रिस या बफरचा वेगळाच नखरा: अंशामागे पीएच सुमारे ०.०२८नं सरकतो, म्हणजे २५ अंशांना ७.५ केलेलं बफर फ्रीजमध्ये ८.१ला जातं, आणि तिथे डीटीटी किती लवकर संपतं ते वर सांगितलंच.

रात्री वीज गेली का, याचं उत्तर वॉचमनकाकांना विचारण्यापेक्षा फ्रीझरलाच विचारा. ५० मिलीलीटरच्या ट्यूबमध्ये पाणी गोठवा, वर रुपयाचं नाणं ठेवा. नाणं बर्फात बुडालेलं दिसलं तर मध्ये केव्हातरी पाणी झालं होतं.

पार्सल ड्राय आइसमधून येतं तेव्हा एक गोष्ट कुणी सांगत नाही. झाकण जरा सैल असेल तर कार्बन डायऑक्साइड व्हायलीत शिरतो आणि वितळताना बफर आम्लधर्मी करतो. डबा आला की लगेच उघडून चाखायची घाई नको. व्हायल काही दिवस उणे ८०मध्ये राहू द्या.

सबस्ट्रेटलाही एकदा तपासून घ्या. ते डीएमएसओ नावाच्या द्रावकात असतं आणि डीएमएसओ १८.५ अंशांनाच गोठतं. आमच्या रीडरच्या खोलीत एसी १८वर. ट्यूब हातात घेतली की वरचा भाग द्रव, तळाशी खडा, आणि पिपेट वरचंच उचलतो. ३७ अंशांवर पूर्ण वितळवून, हलवून मगच घ्या. ट्यूब आधीच पिवळसर दिसली तर पीएनए सुटलेलं आहे, फेका. आणि एन्झाइम फार पातळ करायचं असेल, नॅनोग्रॅमच्या पातळीवर, तर ते प्लास्टिकला चिकटतं. चॅप्स (सौम्य डिटर्जंट) किंवा ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घातल्याशिवाय पातळ करू नका. युनिटबद्दल एवढंच: एका ठिकाणी मिनिटाला, दुसऱ्या ठिकाणी तासाला, अशी व्याख्या असते. दोन व्हायलींची तुलना करण्याआधी कागदावरची बारीक ओळ वाचा.

चित्रक आणि हळद

हा भाग वनस्पतींचे अर्क तपासणाऱ्यांसाठी, आणि आपल्याकडे असे पुष्कळ आहेत. चित्रकाच्या मुळात प्लंबॅजिन असतं. ते नॅफ्थोक्विनोन आहे. डीटीटी भरपूर असलेल्या बफरमध्ये क्विनोन पुन्हा पुन्हा रिड्यूस-ऑक्सिडाइझ होत राहतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. ते जाऊन त्याच सिस्टीनवर बसतं. रीडर म्हणतो, झकास इनहिबिटर सापडला. थोडं कॅटॅलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घालून पुन्हा बघा. इनहिबिशन नाहीसं झालं तर सापडलं होतं ते पेरॉक्साइड. वर क्विनोन सिस्टीनला थेटही चिकटू शकतात, त्यामुळे कॅटॅलेजनंतर उरलेलं इनहिबिशनही लगेच पेपरात घालू नका. हळदीचं कुर्क्युमिन तर स्वतःच पिवळं, ४२५ नॅनोमीटरच्या आसपास शोषणारं, म्हणजे ४०५ला आपल्या पीएनएच्या अंगावर येऊन बसणारं. तिथे एन्झाइमशिवायचं ब्लँक प्रत्येक मात्रेला वेगळं लागतं, किंवा प्रकाशणारं एएमसी सबस्ट्रेट वापरावं लागतं, आणि त्यालाही कुर्क्युमिन त्रास देऊ शकतं हे लक्षात ठेवून.

आणि हो, हे सगळं सिस्टीन प्रोटिएजसाठी. शेजारच्या बेंचवर एमएमपी-९ या दुसऱ्या प्रकारच्या प्रोटिएजवर काम करणाऱ्या मुलानं आमचं बफर उसनं नेलं आणि त्याचं एन्झाइम खरंच गप्प झालं. त्या एन्झाइमला जस्त आणि कॅल्शियम लागतं. ईडीटीए दोन्ही काढून घेतं आणि १० मिलिमोलर डीटीटीही जस्ताला सोडत नाही. कॅस्पेज-३चं नेमकं उलट, जस्त त्याला दाबतं, म्हणून ईडीटीए त्याच्या फायद्याचं. डीटीटीऐवजी टीसीईपी का नाही, असं कुणी विचारेलच. हवेत ते जास्त टिकतं आणि वासही नाही, पण स्टॉक फार आम्लधर्मी असतो, पीएच बसवून घ्यावा लागतो, आणि फॉस्फेट बफरमध्ये ते टिकत नाही. आम्ही डीटीटीच ठेवलं, कारण मागचा सगळा डेटा त्यातलाच आहे.

आता आमच्या फ्रीजमधल्या बफरच्या बाटलीवर लाल अक्षरात 'डीटीटी नाही' लिहिलेलं आहे. उणे २०मध्ये १ मोलर डीटीटीचे ५० मायक्रोलीटरचे अॅलिकॉट, रोज सकाळी एक वितळतो, संध्याकाळी उरलेला कचऱ्यात. प्रत्येक प्लेटच्या कोपऱ्यात एक वेल एन्झाइमच्या त्याच राखीव साठ्यातल्या अॅलिकॉटची, आणि तिचा स्लोप रजिस्टरमध्ये.

आधीच्या दोन "मेलेल्या" व्हायली मी फेकल्या नव्हत्या, कंपनीला पुरावा दाखवायचा म्हणून ठेवल्या होत्या. ताज्या डीटीटीत एक ८० टक्क्यांच्या वर आली, दुसरी जेमतेम निम्मी. पहिलीवर मागच्या महिन्याचं सगळं स्क्रीनिंग झालं. दुसरी नव्या मुलांना वाकणारी रेघ दाखवायला ठेवली आहे.